पाटीवरचा पाय

आट्यापाट्यांत बचाव करणाऱ्या गड्यावर पहिलं बंधन पायांचं असतं. त्याचे पाय त्याच्या वाट्याला आलेल्या पाटीवरच हवेत. पाटी म्हणजे मैदानावर आखलेला जेमतेम फूटभर रुंदीचा आडवा पट्टा. त्या पट्ट्यावर त्याने डावीकडे-उजवीकडे हवं तसं पळावं, वाकावं, हात लांबवावा. पण समोरचा गडी हूल देऊन एकदा पाटी ओलांडून गेला की त्याच्या मागे धावायची सोय नाही. अशा नऊ आडव्या पाट्या आणि त्यांना मधोमध छेदणारी उभी सूरपाटी. सूर झालेल्या गड्याला या उभ्या पाटीवरून धावता येतं, आणि सूर व पाटीवाला दोघांनी मिळून एखाद्याला चौकोनात अडकवलं की ती झाली कोंडी. कोंडी फोडण्यासाठी पळणाऱ्याजवळ एकच हत्यार असतं, हुलकावणी.

बचावाच्या बाजूला इतकं जखडून ठेवणारा दुसरा खेळ सापडणं कठीण आहे. तरीही खेळाची सगळी चुरस त्या जखडण्यातूनच येते. पाटीवाल्याला मागे पळता आलं असतं, तर हुलकावणीला अर्थच राहिला नसता. ज्याच्या पायांत वेग जास्त तो नुसत्या पाठलागावर जिंकला असता. पाय बांधलेले आहेत म्हणून नजरेला, अंदाजाला आणि हाताच्या पल्ल्याला किंमत येते.

हा खेळ जुना आहे. तुकारामांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, हुतूतू यांच्या जोडीला मृदंगपाट्याही येतात. मधल्या उभ्या पाटीला मृदंग म्हणायची रीत होती. शतकानुशतकं हे नियम कागदावर नव्हते, खेळणाऱ्यांच्या तोंडी होते, आणि गावागणिक थोडे बदलत होते. विसाव्या शतकात पुण्याने ते लिहून काढायला घेतले. डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधायला सुरुवात केली. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ साली आट्यापाट्या आणि खो-खो यांची नियमावली छापली. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले. या मंडळींपुढचं काम नुसतं मापं ठरवण्याचं नव्हतं. कोणत्या बाजूला किती मोकळीक द्यायची, कुणाला कुठे रोखायचं, हा तोल त्यांना शब्दांत पकडायचा होता.

खो-खोत हा तोल आणखी वेगळ्या जागी सापडतो. तिथे पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या ओळीत बसलेले असतात, एकाचं तोंड एकीकडे तर शेजारच्याचं दुसरीकडे. नववा धावतो. त्याने एकदा दिशा घेतली की खांबाला वळसा घातल्याशिवाय ती बदलता येत नाही. मधली ओळ ओलांडता येत नाही. बसलेल्याला खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. पळणाऱ्याला मात्र यातलं एकही बंधन नाही. तो ओळीतून आरपार जाऊ शकतो, थबकू शकतो, उलटा फिरू शकतो. नऊ जण मिळून तिघांना पकडणार, म्हणून नऊ जणांचे पाय बांधायचे आणि तिघांचे सोडायचे, असा हा सरळ न्याय आहे.

मराठी मुलखात हा न्याय इतका मुरलेला आहे की त्यावर कधी मोठा वाद झाल्याचं दिसत नाही. अमेरिकेत मात्र नेमका हाच प्रश्न बेसबॉलमध्ये पाऊण शतक धुमसत राहिला.

बेसबॉलच्या मैदानावर चार बेस असतात आणि त्यांच्या आतल्या भागात, म्हणजे इनफिल्डमध्ये, चार क्षेत्ररक्षक असतात: फर्स्ट बेस, सेकंड बेस, थर्ड बेस आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा शॉर्टस्टॉप. चेंडू टाकणाऱ्या पिचरची आणि तो पकडणाऱ्या कॅचरची जागा नियमाने पक्की. बाकीच्यांनी फाउल रेषांच्या आत कुठे उभं राहायचं, यावर जुन्या नियमात बंधन नव्हतं. परंपरेने इनफिल्डचे दोघे दुसऱ्या बेसच्या डावीकडे आणि दोघे उजवीकडे राहत. १४ जुलै १९४६ रोजी बोस्टनमध्ये ही परंपरा मोडली गेली. रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने क्लीव्हलँडविरुद्ध दिवसाच्या पहिल्या सामन्यात तीन होमरन मारले आणि आठ धावा मिळवून दिल्या. विल्यम्स डावखुरा, आणि चेंडू जोरात उजवीकडे ओढणारा. क्लीव्हलँडचा शॉर्टस्टॉप आणि मॅनेजर लू बुड्रो याने त्याच दिवशीच्या दुसऱ्या सामन्यात जवळजवळ सगळा संघ उजवीकडे सरकवला. डाव्या बाजूला एकटा लेफ्ट फिल्डर उरला.

डावीकडे हलका फटका मारला असता, तर विल्यम्सला बेस फुकटात मिळाला असता. तो बहुतेक वेळा उजवीकडेच मारत राहिला. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सीरिजमध्ये सेंट लुई कार्डिनल्सनीही असाच बचाव लावला. एकदा विल्यम्सने डावीकडे हलका फटका, म्हणजे बंट, मारून बेस मिळवलाही, पण त्या मालिकेत त्याची सरासरी ०.२०० वर अडकली आणि बोस्टन सातव्या सामन्यात हरलं. तरीही अशी रचना पुढची कित्येक वर्षं निवडक फलंदाजांपुरतीच राहिली, कारण कोण कुठे मारतो याची नोंद माणसांच्या आठवणीवर चालायची.

संगणक आला आणि चित्र पालटलं. प्रत्येक फटक्याचा कोन, वेग आणि पडण्याची जागा मोजली जाऊ लागली. प्रत्येक फलंदाजाचा नकाशा तयार झाला आणि क्षेत्ररक्षक त्या नकाशावर उभे राहू लागले. २०२२ च्या हंगामात डावखुऱ्या फलंदाजांच्या निम्म्याहून जास्त पाळ्यांत असा सरकवलेला बचाव, म्हणजे शिफ्ट, लावला गेला. मेजर लीगची एकूण सरासरी ०.२४३ वर आली. १९६८ नंतर इतकी खाली ती कधीच गेली नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये नियम झाला आणि २०२३ पासून लागू झाला: पिचर चेंडू टाकायला उभा राहील तेव्हा इनफिल्डचे चौघेही इनफिल्डच्या हद्दीत हवेत, आणि दुसऱ्या बेसच्या दोन्ही अंगांना दोघे-दोघे हवेत. चेंडू सुटला की मग कुणीही कुठेही पळावं.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं साधं आणि वजनदार होतं. मैदान मोकळं आहे. डावीकडे कुणी नाही, तर डावीकडे मारायला शिका. बुद्धीने जिंकणाऱ्याला नियमाने का हरवायचं? हे म्हणणं झटकून टाकता येत नाही. पण त्यात एक गोष्ट सुटते. बुड्रोने १९४६ मध्ये जे केलं ती एका माणसाने डोळ्यांदेखत केलेली, धाडसाची खेळी होती. २०२२ मधला शिफ्ट आदल्या रात्रीच कार्यालयात ठरलेला असे. शॉर्टस्टॉपच्या खिशात चिठ्ठी, आणि चिठ्ठीत त्याची जागा. चेंडू थेट त्याच्याकडे येई, तो उचलून फेकी. डावीकडे झेप, उजवीकडे सूर, अंग वळवून फेक, हे या जागांवरच्या खेळाडूंचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कौशल्य हळूहळू वापरातून जाऊ लागलं. पाटीवाल्याचा अंदाज आणि हात यांना पाटीमुळे जी किंमत येते, तीच किंमत दोघे-दोघे हा नियम शॉर्टस्टॉपच्या अंगाला परत देतो. बंधनाच्या बाजूचं हे सगळ्यांत भक्कम कारण आहे, आणि ते फलंदाजाचं नाही, बचाव करणाऱ्याचंच आहे.

क्रिकेटमध्ये हा वाद सुरू झाला तो मुंबईत जन्मलेल्या एका माणसामुळे. डग्लस जार्डिन याचा जन्म १९०० साली मलबार हिलचा. वडील मुंबईत बॅरिस्टर. इंग्लंडचा कर्णधार म्हणून १९३२-३३ च्या हिवाळ्यात तो ऑस्ट्रेलियाला गेला तो डॉन ब्रॅडमनला रोखायचं ठरवूनच. हॅरल्ड लारवुड आणि बिल व्होस शरीराच्या रोखाने आखूड चेंडू टाकत, आणि लेगला फलंदाजाभोवती व मागे झेल टिपायला कडं उभं असे. चेंडू अंगावर घ्यावा किंवा बॅट मध्ये घालून झेल द्यावा, एवढंच फलंदाजाच्या हाती उरे. ॲडलेडला ऑस्ट्रेलियाचा कर्णधार वुडफुल याच्या छातीवर चेंडू बसला, यष्टिरक्षक ओल्डफील्डच्या डोक्याला मार लागला, आणि दोन देशांच्या क्रिकेट मंडळांत तारा सुरू झाल्या.

त्याच जार्डिनने वर्ष संपायच्या आत आपल्या जन्मगावी इंग्लंडचं नेतृत्व केलं. डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर भारतातली पहिली कसोटी झाली. सी. के. नायुडू कर्णधार, विजय मर्चंट यांचं पदार्पण, आणि पदार्पणातच लाला अमरनाथ यांच्या ११८ धावा, भारताचं पहिलं कसोटी शतक. सामना इंग्लंडने नऊ गड्यांनी जिंकला.

ऑस्ट्रेलियातल्या त्या मालिकेनंतर अंगावर मारा करण्याला पंचांनी आवर घालावा अशी तरतूद झाली. क्षेत्ररचनेवरचं बंधन मात्र बरंच उशिरा, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलं, आणि त्याचं निमित्त भीतीपेक्षा कंटाळा हे होतं. आत येणारे चेंडू आणि लेगला गर्दी अशी गोलंदाजी करून सामने गोठवले जाऊ लागले होते. आज हे बंधन क्रिकेटच्या २८ व्या कायद्यात आहे: चेंडू टाकला जाताना यष्टिरक्षक सोडून दोनपेक्षा जास्त क्षेत्ररक्षक लेग बाजूला पॉपिंग क्रीझच्या मागे उभे राहू शकत नाहीत. कायदा छोटा आहे. कर्णधाराचं बाकी सगळं मैदान तो मोकळं ठेवतो.

एकदिवसीय क्रिकेटमधलं रिंगण अशाच एका प्रसंगानंतर आलं. २८ नोव्हेंबर १९७९, सिडनी. वेस्ट इंडिजला शेवटच्या चेंडूवर तीन धावा हव्या होत्या. इंग्लंडचा कर्णधार माइक ब्रिअर्लीने सगळे क्षेत्ररक्षक सीमारेषेवर पाठवले, यष्टिरक्षक डेव्हिड बेअरस्टोसुद्धा. नियमात त्याला अडवणारं काहीच नव्हतं. गोलंदाज बोथमने कॉलिन क्रॉफ्टचा त्रिफळा उडवला आणि इंग्लंड जिंकलं. पुढच्याच हंगामात ऑस्ट्रेलियात तीस यार्डांचं रिंगण आखलं गेलं आणि ठरावीक क्षेत्ररक्षकांनी त्याच्या आत राहायचं ठरलं. १९९२ च्या विश्वचषकात पहिल्या पंधरा षटकांत रिंगणाबाहेर दोघेच, हा नियम आला; १९९६ मध्ये श्रीलंकेच्या जयसूर्या आणि कालुवितरणाने त्यावर आक्रमणाची नवी रीत बसवली.

या बंधनांत वाढलेले दोन मोठे क्रिकेटपटू शिर्डीच्या आसपासचे आहेत. झहीर खान १९७८ मध्ये श्रीरामपूरला जन्मला. अजिंक्य रहाणे १९८८ मध्ये संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला, प्रवरेच्या खोऱ्यात. शिर्डीच्या दोन बाजूंना असलेली ही गावं. दोघांच्या कारकिर्दीतला एकेक दिवस या प्रश्नावर फार काही सांगून जातो.

झहीरचा दिवस २ एप्रिल २०११, वानखेडे, विश्वचषकाची अंतिम लढत. पॉवरप्लेत रिंगणाबाहेर दोघेच क्षेत्ररक्षक, सीमारेषेचा बहुतेक भाग उघडा. फलंदाजासाठी बनवलेलीच षटकं. त्यांत झहीरने पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव टाकली, सहा धावा दिल्या आणि उपुल तरंगाला स्लिपमध्ये झेलबाद केलं. त्या विश्वचषकात त्याचे २१ बळी झाले, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक. बचावाचे हात बांधले की गोलंदाज संपतो, ही भीती त्या पाच षटकांत खोटी ठरते. टप्पा आणि स्विंग यांना राखण लागत नाही.

रहाणेचा दिवस २६ डिसेंबर २०२०, मेलबर्न. आठवडाभर आधी ॲडलेडला भारत ३६ धावांत संपला होता. विराट कोहली मायदेशी परतलेला, कर्णधारपद रहाणेकडे. त्याने अश्विनला लवकर आणलं, चेंडू फलंदाजाच्या अंगाच्या रोखाने टाकायला लावला आणि लेगला सापळा रचला. स्टीव्ह स्मिथ शून्यावर लेग गलीत चेतेश्वर पुजाराच्या हाती गेला. लाबुशेननेही सिराजला लेगला मारलं आणि शुभमन गिलने मागच्या बाजूला तो झेल घेतला. ऑस्ट्रेलिया १९५ मध्ये आटोपली. रहाणेने स्वतः ११२ केल्या, भारत आठ गड्यांनी जिंकला आणि पुढे मालिकाही २–१ अशी घेतली.

जार्डिनच्या कड्यानंतर ८८ वर्षांनी, त्याच देशात, लेगच्याच बाजूने, एका कर्णधाराने जगातल्या उत्तम फलंदाजांना कोंडलं. फरक मागे किती माणसं ठेवता येतात याचा होता. मागे दोघेच ठेवता येत असल्याने ते दोघे नेमके कुठे आणि कोणत्या चेंडूला, हा विचार रहाणेला करावा लागला. मागे पाच-सहा जण उभे करता आले असते तर हा विचार करण्याची गरजच नव्हती. कर्णधाराला विचार करायला लावणारं बंधन चांगलं, आणि त्याच्या वतीने विचार करून टाकणारं वाईट, असा भेद या दोन लेग-सापळ्यांवरून करता येतो. आताचं एकदिवसीय क्रिकेट कोणत्या षटकात बाहेर किती जण, हे पन्नासही षटकांसाठी आधीच ठरवून देतं. पहिल्या दहात दोन, चाळीसपर्यंत चार, शेवटच्या दहात पाच. त्यात कर्णधाराचं डोकं लढवण्याची जागा बरीच आकसली आहे, हे मान्य करायला हवं.

शिर्डीचा स्वतःचा जुना खेळ मात्र चेंडूचा नाही, मातीचा आहे. साईबाबांची गावातल्या मोहिद्दीन तांबोळीशी कुस्ती झाली, त्यात बाबा हरले आणि त्यानंतर त्यांचा पोशाख बदलला, असं दाभोलकरांच्या ‘साईसच्चरिता’त आहे. १८९७ मध्ये गोपाळराव गुंड यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या उरुसाला पुढे रामनवमीच्या यात्रेचं रूप आलं, आणि यात्रेबरोबर कुस्त्यांचा हगामा आला. नगर जिल्ह्यात कुस्तीच्या मैदानाला हगामाच म्हणतात. मातीतली निकाली कुस्ती पाठ लागेपर्यंत चालायची. नुसता बचाव धरून बसलेल्या पैलवानाला हरवणं अवघड. दोघे तसे बसले की पंच ओरडून ओरडून थकत आणि जोड बरोबरीत सोडवावी लागे. इनामाची रक्कम वाटून जाई, माणसं नाराज होऊन उठत. मॅटवरच्या फ्रीस्टाइलने यावर घड्याळ लावलं: जो निष्क्रिय दिसेल त्याला ताकीद, मग तीस सेकंद, तेवढ्यात गुण घेतला नाही तर समोरच्याला एक गुण. बचावावरचं बंधन इथे जागेचं नाही, वेळेचं आहे.

कबड्डीनेही हाच रस्ता धरला. जुन्या हुतूतूत संजीवनी, गमिनी, अमर असे प्रकार होते, आणि बाद झालेल्याचं काय करायचं यावरूनच ते वेगळे ठरत. आजच्या खेळात चढाई तीस सेकंदांची. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण हवाच, नाहीतर चढाईपटू बाद. बचाव करणारे सहा किंवा सात असले तरच बोनस रेषेचा गुण मिळतो. उलट, तिघे किंवा त्याहून कमी उरले आणि त्यांनी पकड केली तर अव्वल पकडीचा जादा गुण. बचाव भरलेला असेल तर चढाईला आमिष, बचाव विरळ झाला तर बचावाला बक्षीस. कुणी कुठे उभं राहावं हे न सांगता दोन्ही बाजूंना पुढे यायला लावणारी ही रचना फार हुशार आहे, आणि बेसबॉलच्या नियमकर्त्यांनी ती पाहायला हवी होती.

खो-खोत उलटं वारं वाहतं आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने ‘वझीर’ आणला: पाठलाग करणाऱ्यांतल्या एकाला दिशेचं बंधन नाही. पळणारे ठरावीक वेळेपलीकडे टिकले तर त्यांना ‘ड्रीम रन’चे गुण ठेवले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतल्या पहिल्या विश्वचषकातही हीच रीत होती. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, महिलांनी ७८–४० आणि पुरुषांनी ५४–३६, आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. पाठलागाला एक मोकळा गडी दिल्यावर पळणाऱ्यांची कला बुडाली नाही, कारण मोकळीक एकालाच आहे. सगळेच वझीर केले असते तर तो खो-खो राहिलाच नसता.

मग बेसबॉलमधलं शिफ्टवरचं बंधन योग्य की नाही? योग्यच. दोघे-दोघे हा नियम २८ व्या कायद्याच्या जातीचा आहे: छोटा, चेंडू सुटेपर्यंतच लागू, आणि त्यानंतर क्षेत्ररक्षकाच्या अंगावर सगळं सोडणारा. पण फटके वाढावेत म्हणून तो केला असेल, तर औषध चुकलं आहे. २०२३ मध्ये सरासरी ०.२४८ वर चढली आणि २०२४ मध्ये पुन्हा ०.२४३ वर आली. फलंदाजांची मुख्य अडचण शॉर्टस्टॉपची नव्हती, चेंडू बॅटला लागण्याचीच होती. १९६८ मध्ये सरासरी ०.२३७ वर गेली, तेव्हा क्षेत्ररक्षकांना कुणी हात लावला नव्हता. पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला, स्ट्राइक झोन आक्रसला, आणि १९६९ मध्ये सरासरी ०.२४८ झाली. २०२१ मध्ये अटलांटिक लीगने पिचरची जागा एक फूट मागे सरकवून पाहिली होती. तो प्रयोग तिथेच थांबला. मेजर लीगने तो पुन्हा, पुरेसा वेळ देऊन, करायला हवा. शॉर्टस्टॉपला आता आणखी बांधायची गरज नाही.